साहेबाचा बंगला, वडाराचा दगड

आमच्या घरातली जुनी माणसं 'कॅम्प' असं कधी म्हणाली नाहीत. ती 'लष्करात' जात. आजी चपला घ्यायला लष्करात जायची, थोरल्या काकांचं दुकान लष्करात होतं, आणि त्याचा अर्थ कुणी फौजेत आहे असा होत नसे. पुण्याच्या पेठा संपल्या की पलीकडे सुरू होणारं, रुंद रस्त्यांचं, मोठ्या झाडांचं आणि काळ्या दगडी घरांचं ते दुसरं गाव होतं. त्या गावाचा कारभार आता बदलतो आहे. कॅन्टोन्मेंटचा, म्हणजे लष्करी छावणीच्या हद्दीचा, नागरी भाग शेजारच्या स्थानिक स्वराज्य संस्थेत घालायचं धोरण केंद्राने घेतलं, २०२३ मध्ये हिमाचलातल्या योलपासून त्याची सुरुवात झाली, आणि महाराष्ट्रातल्या सात कॅन्टोन्मेंटपैकी पुणे, खडकी आणि देहू रोड ही तीन आपल्या उंबऱ्याशी आहेत. हा विषय निघाला की लगेच पुढचा प्रश्न येतो: तिथल्या दगडी लष्करी बंगल्यांचं काय करायचं?

या प्रश्नावर जे बोललं जातं ते ऐकून मला वाईट वाटतं, कारण दोन्ही बाजू एकाच गृहीतकावर उभ्या आहेत. एक बाजू म्हणते, ही गुलामगिरीची खूण, पाडून टाका. दुसरी म्हणते, किती देखणं, किती निवांत, साहेबाच्या काळातलं पुणं जपा. दोघांच्याही मते घर साहेबाचं आहे. एकाला ते म्हणून नको आहे, दुसऱ्याला म्हणूनच हवं आहे. माझं म्हणणं असं की हे घर साहेबाचं होतं ही त्याची सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. हे बंगले राखायला हवेत, पण ते इथल्या दगडाचं, इथल्या हवेचं आणि इथल्या हातांचं काम आहे म्हणून. आणि राखायचे तर त्यांच्या मागच्या नोकरांच्या खोल्यांसकट राखायला हवेत.

आधी घर काय आहे ते पाहू, कारण न पाहता भांडणारेच जास्त आहेत. गेल्या मे महिन्यात मी घोरपडीकडच्या अशा एका बंगल्यात गेलो होतो. बरोबर आमच्या ओळखीचे एक गवंडीकाका होते, आता सत्तरीला आलेले. दुपारचे तीन वाजले होते, रस्त्यावर पाय भाजत होते. व्हरांड्यात आलो आणि झळ थांबली, मधल्या खोलीत शिरलो तर घाम वाळला. पंखा बंद होता. काकांनी पट्टी लावून दाराच्या पाख्यात भिंत मोजली, दोन फुटांहून थोडी जास्त भरली. कोपऱ्यांना आणि दारांच्या कमानींना घडीव दगड, मधल्या अंगाला डबर, सगळं चुन्यात. जोतं कमरेएवढं उंच. चारही बाजूंनी व्हरांडा, त्यामुळे ऊन मूळ भिंतीला शिवतच नाही. मधल्या खोलीचं छत सर्वांत उंच, आणि छताखाली दोरीने उघडणाऱ्या छोट्या झडपा. तापलेली हवा वर चढते आणि झडपांतून निघून जाते, तिच्या जागी व्हरांड्यातली सावलीतली हवा खालून आत येते. दिवसभर भिंत ऊन पिते, रात्री सावकाश सोडते, आणि तोवर दारं-खिडक्या उघडलेल्या असतात. यात यंत्र एकही नाही. आज आपण काचेच्या इमारती बांधून आत वातानुकूलन लावतो आणि तिला प्रगती म्हणतो, तेव्हा ही भिंत निदान समजून घ्यायला काय हरकत आहे?

हे शहाणपण कुठून आलं? त्याची मुळं मृत्यूच्या भीतीत आहेत. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर छावणी पडली तेव्हा सुरुवातीला तंबू आणि शाकारलेली छपरंच होती. १८५७ नंतर गोऱ्या शिपायांची संख्या वाढली, आणि हिंदुस्थानातल्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करायला नेमलेल्या शाही आयोगाने १८६३ मध्ये जो आकडा पुढे ठेवला तो इंग्लंडला हादरवणारा होता: इथे गोरे शिपाई वर्षाला दर हजारी ६९ या प्रमाणात मरत होते. लढाईत मरणारे त्यातले थोडे. बाकीचे हगवण, पटकी आणि तापाने जात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या आकड्यांवर मेहनत घेतली आणि छावण्यांतलं पाणी, मोऱ्या आणि बराकी यांची कठोर तपासणी मांडली. त्या काळची समजूत अशी की रोग दूषित हवेतून होतो. म्हणून जोती उंच झाली, छतं वर गेली, झडपा आल्या, माणशी किती हवा हवी याचे हिशेब झाले. हिवतापाचा डास रोनाल्ड रॉस यांना सापडला तो १८९७ मध्ये. म्हणजे रोगाचं कारण चुकीचं धरलं गेलं, पण घर मात्र बरोबर बांधलं गेलं. वास्तुकलेच्या इतिहासात असं क्वचित घडतं, आणि पुण्यात त्याचा पुरावा अजून रस्त्याच्या कडेला उभा आहे.

त्यातही 'साहेबाची शैली' म्हणून जे दाखवलं जातं त्यातलं साहेबाचं किती? बंगला हा शब्दच बंगालातल्या घरावरून आलेला. उतरतं छप्पर आणि पुढे पडवी हे पावसाच्या मुलखातल्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत होतं. चुना घाणीत बैलांकडून मळून घेण्याची रीत आपली. आणि दगड तर सह्याद्रीचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ. याच कातळात आठव्या शतकाच्या सुमारास पाताळेश्वराचं लेणं खोदलं गेलं, याचाच तळ शनिवारवाड्याच्या तटाला आहे. हा दगड कठीण आणि जड. संगमरवरासारखी नाजूक कलाकुसर तो करू देत नाही, पण एकदा नीट बसला की हलत नाही. तो खाणीतून काढणारे वडार, त्याला कोन देणारे पाथरवट, तो रचणारे गवंडी, ही माणसं कुठल्याही कोनशिलेवर नाहीत. कोनशिलेवर गव्हर्नर असतो. महात्मा जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला, आणि बांधकाम खात्यात मजूर कसा नागवला जातो हे त्यांनी जवळून पाहून लिहिलं. इंग्रजी दगडी इमारतीकडे पाहण्याची ती दृष्टी आपल्याकडे आहे, आपल्याच शहरातल्या माणसाने दिलेली. तरी आपण अजून इमारतीचं नाव तिच्यात राहणाऱ्यावरूनच ठरवतो.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. १८९७ च्या प्लेगात रँडच्या समितीने घरं तपासायला गोरे शिपाई पेठांत धाडले. देवघरापर्यंत बूट गेले, बायकांची तपासणी झाली, सामान रस्त्यावर जाळलं गेलं. ते शिपाई याच लष्करातून आले होते. ज्यांच्या पणज्यांनी हे सोसलं त्यांना त्या दगडी व्हरांड्यात सौंदर्य दिसत नसेल तर त्यांना कुणी अडाणी म्हणू नये. शिवाय पुण्यात दगडाला सत्तेचा अर्थ फार पूर्वीपासून आहे. शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला तेव्हाची एक कथा सांगतात की दगडी कोट बांधण्याचा हक्क छत्रपतींचा, म्हणून तळाच्या वरचं बांधकाम पेशव्यांना विटांत करावं लागलं. ज्या शहरात दगड चढवायला अशी परवानगी लागते, तिथे शंभर-सव्वाशे वर्षांनी परकी फौजेचा एखादा कॅप्टनही दगडी घरात राहू लागतो, याचा अर्थ पेठेतल्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ही घरं राज्यकर्त्याची म्हणून बांधली गेली, लांबून तशी दिसावीत म्हणूनच बांधली गेली. हे मी मान्य करतो.

पण यातून पाडण्याचा निष्कर्ष निघतो का? गणेशखिंडीला या. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६० च्या दशकात सुरू झालेली ती दगडी इमारत म्हणजे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराचं पावसाळी निवासस्थान, सत्तेचं याहून मोठं प्रदर्शन पुण्यात दुसरं नव्हतं. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी तिथेच झाली, आणि तिथून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. पाडायचंच असेल तर पहिला क्रमांक त्या इमारतीचा लागायला हवा होता. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झालं आणि ती त्याची मुख्य इमारत झाली. आज तिच्यावर सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. गव्हर्नराच्या घरावर एका शिक्षिकेचं नाव चढलं, याहून मोठा विजय ती जमीनदोस्त करून मिळाला असता का? मंडईचंही तसंच. त्या इमारतीवर होणाऱ्या खर्चाला जोतीरावांचा विरोध होता, तो पैसा शिक्षणावर लावा असं त्यांचं म्हणणं. ती बांधली गेली, लॉर्ड रे यांचं नाव तिला मिळालं, आणि पुढे पुण्याने तेच नाव काढून महात्मा फुल्यांचं दिलं. आज मंडईच्या आठकोनी मनोऱ्याखाली उभं राहिलं की तो सगळा वाद तिथे हजर असतो. मनोराच नसता तर वाद कुठे ठेवला असता?

आणखी मागे जाऊ. पन्हाळा शिलाहारांचा, मग यादवांचा, मग बहमनी आणि आदिलशाही. १६५९ मध्ये तो स्वराज्यात आला तेव्हा शत्रूने बांधलेले बुरूज म्हणून महाराजांनी ते उतरवले नाहीत, त्यांच्यावर आपली माणसं उभी केली. पुरंदरावर १६५७ मध्ये संभाजी महाराजांचा जन्म झाला, आणि त्याच गडावर पुढे इंग्रजांनी आजारी शिपायांसाठी निवास थाटले, चर्च बांधलं. गडावर चढणारा मराठी माणूस दोन्ही पाहतो आणि त्याचा अभिमान कमी होत नाही. जिंकलेल्या वास्तूत राहण्याची आपली परंपरा जुनी आहे. ती पाडण्याची भाषा आपल्याकडे अलीकडची आहे.

तिसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती या वादात कुणी काढत नाही. लष्कराची आठवण सगळ्या पुण्याची एकच आहे का? पेठेतल्या वाड्याच्या दिंडीतून ज्यांना आत येऊ दिलं जात नव्हतं, त्यांच्यासाठी छावणी हा कामाचा, पगाराचा आणि अक्षरओळखीचा रस्ता होता. इंग्रजांच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. गोपाळबाबा वलंगकर त्याच फौजेतून निवृत्त झाले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे फौजेतले सुभेदार आणि शिक्षक, त्यांचं शिक्षकाचं प्रशिक्षण पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमधलं, आणि बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, महूच्या छावणीतला. पुढे इंग्रजांनीच महारांची भरती थांबवली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले, सभा घेतल्या. हे सगळं इंग्रजांचं औदार्य नव्हतं, त्यांना शिपाई हवे होते. पण दार उघडं होतं, आणि त्यातून माणसं बाहेर पडली. तेव्हा 'ही घरं आपल्या अपमानाची' असं म्हणणाऱ्याने 'आपल्या' म्हणजे कुणाच्या, एवढं तरी सांगावं.

शिक्षणाचंही तेच. हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनिअरने पुण्यात ससून रुग्णालय, लाल देऊळ नावाने ओळखलं जाणारं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आणि डेक्कन कॉलेज अशी मोठी कामं उभी केली. त्यातल्या डेक्कन कॉलेजात टिळक आणि आगरकर शिकले, आणि स्वतःची शाळा काढायची त्यांची बोलणी त्याच आवारात झाली. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं. ज्या फौजी इंजिनिअरने त्या कमानी आखल्या त्याच्या हे स्वप्नातही नसेल. वास्तू बांधणाऱ्याच्या हेतूला बांधील राहत नाही.

एवढं म्हटल्यावर जतनवाल्यांनी टाळ्या वाजवू नयेत, कारण माझी त्यांच्यावरची तक्रार कमी नाही. त्यांचं जतन बहुतेक वेळा दर्शनी भागापाशी थांबतं. पुढचा व्हरांडा पॉलिश होतो, तिथे वेताच्या खुर्च्या आणि कॉफी येते, भिंतीवर घोड्यावरच्या साहेबांची छायाचित्रं लागतात. आणि सर्वांत आधी काय पाडलं जातं? मागची आउटहाउसं, कारण गाड्या लावायला जागा हवी असते. ती खोल्यांची बुटकी रांग म्हणजे बटलर, आया, धोबी, भिस्ती, माळी आणि मोतद्दारांची बिऱ्हाडं. तिथे उंच छत नाही, झडपा नाहीत, माणशी हवेचा हिशेब नाही. त्याच आवारात पन्नास पावलांवर त्याच दगडात, त्याच गवंड्याने बांधलेली ही दोन घरं शेजारी ठेवून पाहिली की साम्राज्य म्हणजे काय हे शाळेतल्या मुलालाही कळतं. पुढचं घर एकटं ठेवलं तर ते नुसतं देखणं दिसतं. मी ज्या बंगल्यात गेलो होतो तिथे मागची रांग अजून शाबूत आहे, आणि तीत एका कुटुंबाची चौथी पिढी राहते. जतनाच्या आराखड्यात त्यांना जागा नसेल तर तो आराखडा मला मान्य नाही.

राहिला जमिनीचा प्रश्न. शहरात माणसाला घर मिळेना आणि एकेक बंगला मोठं आवार अडवून बसला आहे, हा आक्षेप खरा आहे. भावनेने तो उडवता येणार नाही. तसाच मालकीचा गुंता. यातले कित्येक बंगले 'ओल्ड ग्रँट'चे, म्हणजे जमीन सरकारची आणि वरचं बांधकाम धारकाचं. धारक दुरुस्तीला धजावत नाही, कारण जमीन कधीही परत घेतली जाऊ शकते. सरकार दुरुस्ती करत नाही, कारण घर त्याचं नाही. मध्ये कौलं गळतात, सागवानी तुळया कुजतात, आणि मग 'धोकादायक' हा शिक्का मारणं सोपं होतं. पण नीट पाहिलं तर हा युक्तिवाद घराविरुद्ध नाही, कागदपत्रांविरुद्ध आहे. आवार मोठं आहे म्हणूनच मूळ घर आणि मागची रांग राखून उरलेल्या जागेवर बेतशीर बांधकाम करता येतं. महापालिका हद्दीत वारसा इमारतीच्या धारकाला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची सोय राज्याच्या नियमांत आहे. कॅन्टोन्मेंटच्या जमिनीवर ती आपोआप लागू होणार नाही. आणि महापालिकेची वारसा यादी आजवर कॅन्टोन्मेंटची हद्द ओलांडत नव्हती, कारण कारभारच वेगळा. म्हणजे हस्तांतराच्या दिवशी हे बंगले जुन्या नियमांतून सुटलेले असतील आणि नव्या यादीत शिरलेले नसतील. बांधकाम व्यावसायिकाला याहून सोयीचा दिवस कुठला? यादी आधी व्हायला हवी. प्रत्येक घराचं मोजमाप, छायाचित्रं, आत कोण राहतं याची नोंद, मागच्या खोल्यांसकट. हे काम वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांकडूनही करून घेता येईल, आणि या शहरात त्यांची वाण नाही.

उशीर झाला की काय होतं हे आपण भिडे वाड्यात पाहिलं. १८४८ ची मुलींची शाळा जिथे भरली ती जागा. स्मारकासाठी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या, तोवर वास्तू खिळखिळी झाली, आणि निकाल लागून २०२३ च्या डिसेंबरात जागा ताब्यात आली तेव्हा वाडा उतरवण्यावाचून गत्यंतर उरलं नव्हतं. स्मारक होईल, व्हायलाच हवं. पण ज्या भिंतींनी सावित्रीबाईंचा आवाज ऐकला त्या भिंती परत आणता येत नाहीत. तिथे तर कुणी 'परकी खूण' असंही म्हणत नव्हतं, सगळ्यांना ती वास्तू हवीच होती. जी हवी होती ती आपण अशी घालवली, तर जिच्याविषयी मनात आधीच अढी आहे तिला कोण वाचवणार? पेठांतले वाडे तर आपण मराठी माणसांनीच, एकेक करून, गाजावाजा न करता उतरवले. त्यांना कुणी गुलामगिरी म्हटलं नव्हतं.

घोरपडीच्या त्या बंगल्यात गवंडीकाका बाहेरच्या भिंतीपाशी बराच वेळ थांबले. अलीकडे कुणीतरी दुरुस्ती म्हणून दगडांच्या सगळ्या दरजा सिमेंटने भरून घेतल्या होत्या. त्यांनी खिशातल्या किल्लीने एक दरज खरवडली. वरचं सिमेंट टणक आणि आतला जुना चुना ओला, भुसभुशीत. "चुना श्वास घेतो," ते म्हणाले, "भिंतीत शिरलेलं पाणी तो बाहेर टाकतो. यांनी तोंड बंद केलं, आता ओल आतच राहणार." भिंतीच्या तळाशी मिठाची पांढरी रेघ उमटली होती, ती त्यांनी बोटाने दाखवली. मी विचारलं, हे काढून पुन्हा चुन्यात करायचं तर माणसं मिळतील का? चुना भिजवायला दिवस लागतात, मळायला घाणी लागते, आणि डबराच्या भिंतीत दरज भरणं हे हाताने शिकायचं काम आहे, असं त्यांनी सांगितलं. त्यांना ते त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. त्यांचा मुलगा फरशीचं काम करतो. त्यांच्याबरोबर चुन्यात काम केलेले आणखी दोघे पुण्यात आहेत, एक हडपसरला आणि एक येरवड्याला. दोघांची नावं आणि फोन नंबर मी तिथेच व्हरांड्यात बसून लिहून घेतले.